सोन्याच्या नॅनोकणांनी प्रोटीनवर खूण कशी करायची: पहिल्यांदा लॅबमध्ये उतरणाऱ्यांसाठी

गरोदरपणाची चाचणी घरच्या घरी करायची पट्टी असते, तिच्यावर उमटणारी लालसर रेघ बहुतेक वेळा सोन्याची असते. ते कण इतके बारीक की ४० नॅनोमीटरचे पंचवीस हजार कण शेजारी शेजारी ठेवले, तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. कणावर अँटिबॉडी बसवलेली असते. ती नेमकं एकच प्रोटीन धरते, आणि कण जिथे अडकतो तिथे रंग दिसतो. हेच काम पेशीवर केलं की एरवी न दिसणारं प्रोटीन सूक्ष्मदर्शकाखाली कुठे बसलंय ते कळतं. १९७१ साली फॉल्क आणि टेलर यांनी साल्मोनेला जिवाणूवर हे करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दाखवलं. पाया आजही तोच आहे.

चोपडा, शहादा, शिरपूर, अमळनेरच्या कॉलेजांतून एम.एस्सी. किंवा एम.फार्म. करणारी मुलं दरवर्षी हा विषय घेतात. शोधनिबंधातली पद्धत समोर ठेवून करायला जातात आणि दोन-तीन महिने बिघडून निळ्या झालेल्या पाण्यात घालवतात. माझेही तसेच गेले. निबंधात 'सोन्याला अँटिबॉडी लावली' एवढं एकच वाक्य असतं. त्या वाक्याच्या आत काय काय दडलंय, ते इथे सविस्तर लिहिते.

१. आधी ठरवा, शेवटी कशाखाली बघणार

कण निवडायचा तो यंत्र बघून. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक असेल तर १० ते २० नॅनोमीटरचं सोनं घ्या. डार्कफील्ड सूक्ष्मदर्शक (काळ्या पार्श्वभूमीवर कणांनी विखुरलेला प्रकाश दाखवणारा) असेल तर ४० ते ६०चं, कारण लहान कण पुरेसा प्रकाश विखुरत नाहीत. कॉलेजातला साधा सूक्ष्मदर्शकच हाताशी असेल तरी हिरमुसू नका. सोन्यावर चांदी चढवायची पद्धत आहे, तिने कण वाढून तपकिरी-काळे ठिपके दिसतात.

एमआरआयसाठी लोहाच्या ऑक्साइडचे कण लागतात. चमकणारी खूण हवी असेल तर क्वांटम डॉट नावाचे अर्धवाहक कण आहेत. त्यांच्या शोधाला २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण त्यातल्या अनेकांत विषारी कॅडमियम असतं, म्हणून नवख्याने तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कार्बन डॉट तर केळीच्या रसापासूनही होतात, आणि आपल्याकडे हा विषय मुलांना फार आवडतो. मात्र त्यांच्यावर प्रोटीन बसवणं आणि बसलं हे सिद्ध करणं सोन्यापेक्षा कठीण जातं. सोनं रंग बदलून बोलतं. चूक झाली की डोळ्यांना दिसते. शिकायला याहून चांगला कण नाही.

एक सापळा इथेच सांगते. सोन्याच्या अगदी जवळ फ्लुओरोसंट रंग बांधला तर सोनं त्याचा प्रकाश गिळून टाकतं. 'दोन्ही खुणा एकदम लावू' असं मनात आलं तर आधी गाइडशी बोला.

२. सामान आणि कागद

क्लोरोऑरिक आम्ल (सोन्याचं संयुग) १ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट, पोटॅशियम कार्बोनेट, बोरॅक्स, मीठ (लॅबचं, स्वयंपाकाचं नाही), बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन), डायलिसिसची पिशवी (लहान रेणू बाहेर सोडते, मोठे अडवते), नायट्रोसेल्युलोज कागद, पीएच पट्ट्या. यंत्रांत हॉट प्लेट आणि स्टरर, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, थंड राहणारा सेंट्रिफ्यूज. अँटिबॉडी सगळ्यात शेवटी मागवायची.

कागदांची एक फाइल पहिल्या दिवशीच करा. प्रत्येक रसायनाचं सुरक्षा पत्रक, अँटिबॉडीचं माहितीपत्रक लॉट नंबरसकट, आणि माणसाचं रक्त किंवा ऊतक वापरणार असाल तर संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी. ही परवानगी नमुना घेण्याआधी लागते, नंतर मिळत नाही. पेशींवर काम असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून पेशी मागवता येतात. त्याला गाइडच्या सहीचं पत्र आणि वेळ दोन्ही लागतं.

क्लोरोऑरिक आम्लाबद्दल दोन गोष्टी. ते हवेतला ओलावा भराभर ओढतं, म्हणून कुपी उघडली की थोडं थोडं तोलत बसू नका. पूर्ण १ ग्रॅम १०० मिलीलिटर पाण्यात विरघळवून १ टक्क्याचा साठा करा, गडद बाटलीत ठेवा. आणि धातूचा चमचा त्याला कधीही लावू नका. जळगावात राहून 'सराफाकडून तुकडा आणून आम्लात विरघळवला तर?' हा विचार प्रत्येकाच्या मनात येतोच. दागिन्याच्या सोन्यात तांबं आणि चांदी असते आणि इथे त्यांचा अंशही त्रास देतो. नको.

३. पाणी

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

सोन्याचे कण पाण्यात तरंगत राहतात ते त्यांच्यावरच्या ऋण भारामुळे. सगळे कण एकमेकांना ढकलत असतात. पाण्यात क्षार आले की हा भार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग जांभळा, मग निळा होतो. त्यातही कॅल्शियम आणि मॅग्नेशियमसारखे दुहेरी भाराचे क्षार साध्या मिठापेक्षा कितीतरी पटीने जास्त घात करतात. आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात नेमके तेच असतात. घरच्या हंड्याच्या बुडाला जो पांढरा थर बसतो, तो त्यांचाच.

माझं सोनं सलग महिनाभर बिघडत होतं. मी सायट्रेट बदललं, भांडी बदलली, पद्धत तीन वेळा पुन्हा वाचली. एक दिवस लॅबमधले मामा बाटल्या विसळता विसळता सहज म्हणाले, "ताई, सकायपासून बोअरनं पानी चालू शे." मी उठून डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र उघडून पाहिलं. तापणाऱ्या कांडीवर बोटभर जाडीचा थर बसलेला, आणि उकळताना त्यातलं फेसाळ पाणी तसंच वाफेबरोबर पुढे जात होतं. बाटलीवर मात्र 'डबल डिस्टिल्ड' लिहिलेलं.

म्हणून पाणी वापरण्याआधी त्याची चालकता मोजा. १८.२ मेगाओहमचं, म्हणजे जवळपास क्षार नसलेलं पाणी मिळालं तर उत्तमच, नाहीतर जवळच्या विभागातून कॅन भरून आणा. त्यात लाज नाही. मोजायला काही नसेल तर चांगल्या झालेल्या लाल सोन्याचं एक मिलीलिटर घ्या, त्यात संशयित पाणी तेवढंच मिसळा आणि तासभर ठेवा. लाल रंग जांभळ्याकडे झुकला तर ते पाणी भांडी धुवायलाही वापरू नका.

४. भांडी

काचेच्या भांड्यात जुन्या सोन्याचा अंश राहिला तर नवे कण त्याच्यावरच वाढतात आणि आकार बिघडतो. धुवायचं ते अम्लराजाने: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक आम्ल. सराफ बाजारात सोनं शुद्ध करणारे कारागीर ज्या तेजाबावर काम करतात, तेच हे. फ्यूम हूडमध्येच करा, लागेल तेवढंच आणि त्याच वेळी बनवा, झाकण घट्ट लावून कधीही ठेवू नका. त्यातून वायू निघत राहतो आणि बाटली फुटते. अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोल जवळपाससुद्धा नको. नंतर चांगल्या पाण्याने आठ-दहा वेळा खळखळून काढा.

५. सोनं बनवणं

ही सगळ्यात सुंदर पायरी आहे, मन लावून बघा. ९९ मिलीलिटर पाण्यात साठ्यातलं १ मिलीलिटर टाका, म्हणजे ०.०१ टक्क्याचं द्रावण झालं. झाकण ठेवून, ढवळत, खदखदून उकळू द्या. मग १ टक्क्याचं ताजं सायट्रेट २ मिलीलिटर एकदम ओता, थेंब थेंब नाही. फिकट पिवळं पाणी आधी बिनरंगी होतं. मग काळसर-निळी झाक येते आणि इथे पहिल्यांदा करणारा घाबरून हॉट प्लेट बंद करतो. करू नका. मिनिटा-दोन मिनिटांत जांभळं आणि मग आमसुलाच्या सरबतासारखं स्वच्छ लाल होतं. आणखी दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या आणि ढवळत थंड करा.

हे कण साधारण १६ नॅनोमीटरचे येतात. सायट्रेट १.५ मिलीलिटर घातलं तर साधारण २४, एक मिलीलिटर घातलं तर ४०च्या आसपास. हे प्रमाण फ्रेन्स यांनी १९७३मध्ये मांडलं आणि अजून चालतं. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्या आलेखात, १६च्या कणांचा शेंडा ५२० नॅनोमीटरजवळ, एकच आणि निमुळता दिसायला हवा. ६५०कडे शेपूट उचललेली दिसली तर ते सोनं पुढे नेऊ नका, पुन्हा करा. १ ग्रॅममध्ये १०० मिलीलिटरच्या शंभर खेपा होतात. सोनं जाण्याचं भय बाळगू नका. जपायची ती अँटिबॉडी.

६. अँटिबॉडीचं पार्सल आणि तिचा बफर

अँटिबॉडी थंडीत मागवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ला टेकतो. माझं एक पार्सल शनिवार-रविवार कुठल्याशा गोदामात पडून राहिलं आणि सोमवारी हातात आलं तेव्हा आतली जेलची पाकिटं कोमट होती. तेव्हापासून मी विक्रेत्याकडून सोमवारीच माल निघेल असं लेखी घेते. आल्या दिवशी २०-२० मायक्रोलिटरच्या कुप्या करून गोठवा. पुन्हा पुन्हा वितळवून गोठवली की ती मरते.

आता मोठा सापळा. विकत मिळणाऱ्या अँटिबॉडीत बरेचदा मीठ, सोडियम अझाइड, ग्लिसरॉल आणि टिकण्यासाठी बीएसए घातलेलं असतं. मीठ नागड्या सोन्याला तत्काळ निळं करतं. पीबीएसमध्ये (मीठ असलेला बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) असलेली अँटिबॉडी थेट ओतली की काम संपलं. मीठ आणि अझाइड डायलिसिसने जातात: २ मिलिमोलर बोरॅक्समध्ये, थंड जागी, दोन-तीनदा द्रावण बदलून रात्रभर. अझाइड विषारी आहे आणि धातूच्या पाइपात साचून स्फोटक होऊ शकतं, म्हणून ते सिंकमध्ये ओतू नका. पण बीएसए डायलिसिसने जात नाही. पिशवीची भोकं १२ ते १४ किलोडाल्टनची (हे रेणूच्या वजनाचं माप), बीएसए ६६चं, अँटिबॉडी १५०ची. दोघंही आतच राहतात. मागवतानाच 'बीएसए नसलेली' असं लिहून मागवा. हे न केल्याने माझं काय झालं ते दहाव्या पायरीत सांगते.

७. पीएच

प्रोटीन सोन्याला नीट बसतं ते त्याच्या समविद्युत बिंदूच्या, म्हणजे ज्या पीएचला प्रोटीनवरचा एकूण भार शून्य असतो त्याच्या, किंचित वर. बीएसएचा तो बिंदू ४.७च्या आसपास, म्हणून त्याला सोन्याचा मूळचा ६च्या जवळचा पीएच चालतो. बहुतेक आयजीजी (अँटिबॉडीचा नेहमीचा प्रकार) अँटिबॉडींना ८.५ ते ९ लागतो. ०.२ मोलर पोटॅशियम कार्बोनेटचे थेंब टाकत वर न्या. पीएच मीटरची कांडी सोन्यात बुडवू नका. कण तिच्या तोंडाशी चिकटून ती निकामी करतात आणि मग सगळा विभाग तुम्हाला शोधत येतो. पट्टी वापरा.

८. मिठाची परीक्षा

ही पायरी वगळून 'निबंधात दिलंय तेवढंच घातलं' म्हणणारे सगळ्यात जास्त अँटिबॉडी वाया घालवतात. आधी बीएसएवर करून हात बसवा, मग अँटिबॉडीवर या.

दहा छोट्या नळ्या ओळीने लावा. प्रत्येकीत पीएच लावलेलं सोनं २५० मायक्रोलिटर. पहिलीत प्रोटीन नाही, नुसता बफर. पुढे वाढत्या प्रमाणात, अर्धा मायक्रोग्रॅम, एक, दीड असं, प्रत्येक वेळी एकूण २५ मायक्रोलिटरमध्ये. प्रोटीन टाकताच लगेच हलवा, नाहीतर पहिल्या थेंबाजवळचे कण सगळं घेतात आणि बाकीचे उपाशी राहतात. दहा मिनिटं थांबा. मग प्रत्येकीत १० टक्के मीठ २५ मायक्रोलिटर.

नळ्यांमागे पांढरा कागद धरा. पहिली नळी बघता बघता निळी-राखाडी होईल. ती झालीच पाहिजे, नाहीतर मीठच जुनं किंवा पातळ आहे. मग जांभळट, मग लालीत थोडी मळकट झाक, आणि एका नळीपासून पुढे सगळ्या स्वच्छ लाल. ती पहिली स्वच्छ लाल नळी म्हणजे सोनं झाकायला लागणारं कमीत कमी प्रोटीन. डोळ्यांवर भागवू नका, ५२० आणि ६२०ला शोषण मोजून त्यांचं गुणोत्तर वहीत लिहा. प्रत्यक्ष कामाला याहून १० ते २० टक्के जास्त घ्या. अँटिबॉडीसाठी हा आकडा बरेचदा दर मिलीलिटर सोन्याला १० मायक्रोग्रॅमच्या आसपास येतो, पण अँटिबॉडीगणिक, आणि तुमच्या त्या खेपेच्या सोन्यागणिकही तो हलतो. नवी खेप, नवी परीक्षा.

उन्हाळ्यात ही परीक्षा सकाळी लवकर करा. पद्धतीत 'खोलीचं तापमान' लिहिलेलं असतं ते २५ अंश. आपल्या खोलीचं मेमधलं तापमान ते नव्हे.

९. प्रत्यक्ष बांधणी

ठरलेली अँटिबॉडी टाका, हलवा, अर्धा तास ठेवा. मग १० टक्के बीएसए इतकं घाला की शेवटी १ टक्का होईल, आणखी अर्धा तास. कणावर उरलेल्या रिकाम्या जागा ते भरतं. त्या तशाच राहिल्या तर कण पेशीवर वाटेल तिथे चिकटतो.

आता सेंट्रिफ्यूज: १६ नॅनोमीटरच्या कणांना ४ अंशांवर साधारण १४,००० जी, पाऊण तास. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट ओढ ते; मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम, नव्हे. रोटरची सेंटिमीटरमधली त्रिज्या, गुणिले आरपीएमचा वर्ग, गुणिले ०.००००१११८ असा हिशेब आहे. ८.४ सेंटिमीटरच्या रोटरला १२,००० आरपीएम म्हणजे साधारण १३,५०० जी. तळाशी गडद लाल, सैल, सरकणारा थेंब दिसला तर छान. काळा, घट्ट, भिंतीला चिकटलेला ठिपका म्हणजे गुठळी. ती सुटणार नाही. मध्येच वीज गेली तर घाबरू नका, नळ्या काढून थंड ठेवा आणि वीज आल्यावर पुन्हा फिरवा. वरचं पाणी अलगद काढा, १ टक्का बीएसए असलेल्या बफरमध्ये थेंब सोडवा, आणि हे दोनदा करा. मोकळी अँटिबॉडी मागे राहिली तर तीच आधी जाऊन प्रोटीन अडवते आणि कणाला जागाच राहत नाही.

रासायनिक बंधाने, म्हणजे ईडीसी आणि एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी, बांधायचीही पद्धत आहे. ती पुढची इयत्ता. करायला गेलात तर ट्रिस आणि ग्लायसिन बफर टाळा, त्यांचेच अमाइन आधी जोडले जातात. ईडीसीची बाटली फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

१०. लागलं का? ठिपक्याची परीक्षा

स्पेक्ट्रमचा शेंडा दोन ते पाच नॅनोमीटर उजवीकडे सरकतो. डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारं यंत्र) आकार वाढलेला दिसतो. दोन्ही चांगली चिन्हं आहेत, पण पुरावा नाहीत.

माझी पहिली खरी अँटिबॉडी मिठाच्या परीक्षेत प्रोटीन असलेल्या पहिल्याच नळीपासून लाल राहिली. मी त्या संध्याकाळी गाइडना आनंदाने फोन केला. पेशींवर मात्र एकही कण सापडला नाही. तीन आठवड्यांनी माहितीपत्रकाच्या शेवटच्या ओळीत बीएसए सापडलं. सोनं झाकलं होतं ते त्याने. मिठाची परीक्षा कण झाकला गेला का ते सांगते, कोणी झाकला ते सांगत नाही.

म्हणून ही परीक्षा करायचीच, तिला यंत्रही लागत नाही. नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवर तुमच्या लक्ष्य प्रोटीनचे एकेक मायक्रोलिटरचे ठिपके द्या, दर वेळी दहापट पातळ करत, आणि शेजारी बीएसएचा एक. सुकू द्या. १ टक्का बीएसएमध्ये अर्धा तास बुडवा. मग तयार सोन्यात ठेवून हळूहळू हलवत राहा. काही मिनिटांत गुलाबी ठिपका उमटायला लागतो, आधी दाट ठिपका, मग त्याच्या शेजारचा. बीएसएचा ठिपका कोराच राहिला पाहिजे. तोही गुलाबी झाला तर नववी पायरी पुन्हा. लक्ष्य प्रोटीन महाग असेल आणि तुमची अँटिबॉडी सशाची असेल, तर सशाविरुद्धची दुय्यम अँटिबॉडी ठिपक्याला वापरा. त्याने ती कणावर आहे एवढं तरी कळतं, पण ती काम करते का, ते नाही.

११. सूक्ष्मदर्शकापर्यंत

टीईएमसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी, आपल्याकडचे बरेच जण पवईला, आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात नमुना नेतात. देशात कुठे कोणतं यंत्र खुलं आहे ते सरकारच्या आय-स्टेम संकेतस्थळावर दिसतं. तारीख खूप आधी मागा. रात्रीच्या गाडीने जाताना नमुना बर्फाला टेकवू नका. गोठलेलं सोनं पुन्हा कधीच लाल होत नाही. मी नळ्या आधी वर्तमानपत्रात गुंडाळते, मग जेल पाकिटाबरोबर डब्यात ठेवते. आणि बघताना प्रोटीन दिसलं नाही म्हणून खचू नका. टीईएममध्ये सोनं काळंभोर दिसतं, प्रोटीन जवळपास पारदर्शक. कणाभोवतीचं फिकट वलय बघायचं असेल तर ग्रिडवर (नमुना ठेवायची बारीक जाळी) निगेटिव्ह स्टेन, म्हणजे पार्श्वभूमी गडद करणारा रंग, करायला सांगा.

साध्या सूक्ष्मदर्शकासाठी चांदी चढवणार असाल तर त्याआधी स्लाइड चांगल्या पाण्याने नीट धुवा. बफरमधलं क्लोराइड राहिलं तर चांदी तिथेच खाली बसते आणि सगळी स्लाइड ठिपक्यांनी भरते.

स्लाइड नेहमी तीन करा. एक खरी, एक फक्त बीएसए लावलेल्या सोन्याची, आणि एक आधी मोकळी अँटिबॉडी देऊन प्रोटीन अडवलेली. पहिलीत ठिपके आणि बाकी दोन्हींत जवळपास काही नाही, असं चित्र आलं तरच ते प्रबंधात लावा.

तयार सोनं फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, मागच्या भिंतीला टेकवून नाही. नळीवर तारीख, लॉट नंबर आणि ५२०चं शोषण लिहा. तळाशी लाल साका दिसला तर नळी हलकेच उलटसुलट करा, परत मिसळतो. काळा साका परत येत नाही. तो सोन्याच्या टाकाऊ बाटलीत घाला. ती बाटली वेगळी ठेवा, बेसिनमध्ये काहीही ओतू नका.